अँग्झायटीवर थेरपी: नुसतं बोलून काय होतं?

सांजवेळ | रविवार, रात्री ११:४२

बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गेलं दीड वर्ष मला एक त्रास आहे. सुरुवात लिफ्टमध्ये झाली. सकाळी ऑफिसला जाताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, फार तर तीन-चार मिनिटं असेल. सोबत दोघं होते, ते आरामात फोन बघत उभे, आणि मला मात्र एकदम छातीत धडधड, घशाला कोरड, बोटांना मुंग्या आणि आता आपण मरतोय ही अगदी पक्की खात्री. लिफ्ट सुरू झाली, मी बाहेर आले, भिंतीला टेकून उभी राहिले. त्या दिवसापासून जिनाच चढते. ऑफिस आठव्या मजल्यावर. मग हळूहळू गर्दीची बस सुटली, मग बंद दाराची मीटिंग रूम, आता तर रात्री झोपताना खोलीचं दारसुद्धा उघडं लागतं. ईसीजी, रक्त, थायरॉइड सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले अँग्झायटी आहे, म्हणजे चिंतेचा आजार, थेरपी घ्या.

माझा प्रश्न साधा आहे. तिथे नक्की होतं काय? बोलायला मला बहीण आहे, मैत्रिणी आहेत, त्यांच्याशी बोलून दोन तास बरं वाटतं आणि मग परत ये रे माझ्या मागल्या. मग अनोळखी माणसाशी आठवड्यातून तासभर बोलून काय वेगळं होणार? ज्यांनी खरंच घेतलीये त्यांनी लिहा. "विचार करू नकोस" एवढं सोडून काहीही लिहा प्लीज.

पिंपळपान | रविवार, रात्री ११:५८

रुमाल टाकून ठेवते, उद्या सविस्तर लिहीन. तोवर एवढंच की त्याने मरत नाही माणूस. मी तीसेक वेळा त्यातून गेलेय आणि आत्ता तुला टाइप करतेय.

निवांत_काका | सोमवार, सकाळी ६:१०

पोरी, घाबरू नकोस. मन रिकामं राहिलं की असे खेळ करतं. सकाळी तासभर चालायला जा, प्राणायाम कर, स्वतःला कामात गुंतव. आमच्या वेळी थेरपी वगैरे नव्हतं, माणसं जगलीच की. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते उगाच नाही, मनाला लगाम घालायला शिकलं पाहिजे.

कंदील | सोमवार, सकाळी ८:३१

काका, आदर ठेवून असहमत. ती रोज आठ मजले चढतेय, व्यायामाची कमतरता नक्कीच नाहीये :) आणि रिकाम्या मनाचं म्हणाल तर माझा भीतीचा पहिला अटॅक ऐन कामाच्या गडबडीत आला होता.

पण म्हण मात्र नेमकी आणलीत. वैऱ्याच्या मनात येणार नाही ते आपलंच मन आपल्याबद्दल चिंततं, आणि घरचाच माणूस सांगतोय म्हटल्यावर आपण विश्वास ठेवतो. मला थेरपीत सगळ्यात आधी हे कळलं की डोक्यात आलेला विचार म्हणजे आलेली बातमी नव्हे. "आपण पडणार" असं वाटणं वेगळं आणि पडणं वेगळं. ऐकायला सोपं आहे, अंगवळणी पडायला मला चार महिने लागले.

स्टेथो | सोमवार, सकाळी ९:१५

डॉक्टर आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही, पण असे पेशंट आमच्याकडेच आधी येतात म्हणून लिहितो.

सांजवेळ, तपासण्या आधी करून घेतल्या हे उत्तम. थायरॉइड वाढलेला असेल तर हुबेहूब अशीच धडधड होते, हृदयाच्या ठोक्यांची गडबड असू शकते, कॉफी जास्त होणं हेही कारण असतं. ते बाजूला झालं की मग जे उरतं ते "काही नाही, मनाचे खेळ" असं म्हणून सोडून द्यायचं नसतं, ही आमच्यातल्याच काही जणांची चूक. मेंदूत अमिग्डाला नावाचा एक बदामाएवढा भाग आहे, धोक्याची घंटा त्याच्याकडे. घंटा वाजली की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात पळतं, श्वास वाढतो, रक्त मोठ्या स्नायूंकडे जातं, पचन थांबतं म्हणून पोटात गोळा येतो. लढा नाहीतर पळा. वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास हे मांडलं. म्हणजे तुमचं शरीर बिघडलेलं नाहीये, ते धडधाकट आहे, फक्त आग नसताना घंटा वाजतेय.

बोटांच्या मुंग्यांचं म्हणाल तर घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने मुंग्या येतात, गरगरतं, आणि गंमत म्हणजे श्वास पुरत नाहीये असं वाटतं म्हणून माणूस अजून जोरात श्वास घेतो. पॅनिकची, म्हणजे अशा अचानक उसळणाऱ्या भीतीची, लाट साधारण दहा मिनिटांत शिखर गाठते आणि ओसरायला लागते. आणि त्यात चक्कर येऊन पडाल ही भीती सगळ्यांना असते, पण शुद्ध हरपायला रक्तदाब घसरावा लागतो आणि पॅनिकमध्ये तो उलट वाढलेला असतो.

भिरभिरं | सोमवार, सकाळी ९:४०

@स्टेथो, मी तर पडते! इंजेक्शन बघितलं की आडवीच. दोनदा नर्सच्या अंगावर पडलेय.

स्टेथो | सोमवार, सकाळी ९:५२

ते वेगळं आहे आणि बरं झालं विचारलंत. रक्त, जखम, सुई याच्या भीतीत दाब आधी चढतो आणि मग धाडकन पडतो, हा त्यातला अपवाद. त्यासाठी उपायही उलटा आहे, अंग सैल सोडायचं नाही तर आवळायचं. हातपाय, पोट, मांड्यांचे स्नायू दहा-पंधरा सेकंद ताठ करायचे, चेहरा गरम वाटला की सोडायचं, परत करायचं. दाब टिकून राहतो. ज्या हाताला सुई टोचायची तो हात मात्र सैल ठेवा.

अक्षरवेडा | सोमवार, दुपारी १:२०

थोडं अवांतर. इंग्रजीतला अँग्झायटी हा शब्द ज्या लॅटिन मुळापासून आला त्याचा अर्थ आवळणं, गळा दाबणं. आणि आपल्याकडे बघा, जीव घुसमटतो, छाती दडपते, घसा आवळतो, आणि "दडपण" तर सरळ दाबण्यातूनच आलंय. कुठल्याही भाषेतल्या माणसाला ते गळ्याशीच जाणवलं असणार. पॅनिक मात्र पॅन या ग्रीक देवावरून, रानात अचानक घाबरवून सोडणारा म्हणून. चिता आणि चिंता यात एका टिंबाचा फरक हे सगळ्यांना माहीतच आहे, ते परत सांगत नाही.

रातराणी | सोमवार, दुपारी २:०५

सांगितलंतच की :)

मला तुमच्याहून जास्त "काळजी" या शब्दाचं नवल वाटतं. काळजी घे म्हणजे माया, आणि काळजी करू नकोस म्हणजे त्रास. एकच शब्द. माझा सगळा आजार या एका शब्दात बसतो. मला अटॅक बिटॅक कधी आला नाही. मला नुसती काळजी. मुलाचा फोन लागला नाही, अपघात. नवऱ्याला खोकला, कॅन्सर. साहेबांनी "उद्या बोलू" म्हटलं, नोकरी गेली. वर्षानुवर्षं हे असंच होतं आणि मी त्याला माझा स्वभाव समजत होते, घरचे पण "तिचा स्वभावच काळजीचा" म्हणायचे, कौतुकाने. झोप नाही, मान आखडलेली, चिडचिड. सहा महिन्यांहून जास्त काळ बहुतेक रोज अशी आवरता न येणारी काळजी असेल तर त्याला जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात हे मला पन्नाशीला कळलं.

थेरपिस्टने एक विचारलं, काळजी केली नाहीत तर काय होईल असं वाटतं? मी पटकन म्हणाले, "मग मी वाईट आई ठरेन". आणि म्हणून गप्पच झाले. इतकी वर्षं मी समजत होते की मी काळजी करतेय म्हणून सगळे सुखरूप आहेत. तो धागा उसवायला खूप सेशन्स गेली.

उपयोगी पडलेली एक गोष्ट सांगते. काळजीची वेळ. रोज संध्याकाळी सहा ते सव्वासहा, एका ठरलेल्या खुर्चीत, वही घेऊन. दिवसभरात जी काळजी येईल तिला म्हणायचं, तुला सहाला भेटते, आणि एक शब्द वहीत लिहून ठेवायचा. सहाला बसले की निम्म्याहून जास्त शब्द वाचून काही वाटायचंच नाही. उरलेल्यांचे दोन भाग, ज्याचं मी काही करू शकते ते आणि ज्याचं नाही ते. पहिल्याचं काम ठरवायचं. दुसरं मात्र तसंच उघडं सोडून उठायचं, ते मला सगळ्यात जड गेलं.

पिंपळपान | सोमवार, रात्री १०:१२

रुमाल उचलते.

सांजवेळ, मला लिफ्ट नाही, पूल होता. नंतर पूल, बोगदा, सिनेमाचं मधलं आसन, रांग, सगळंच. मी पण तुझ्यासारखंच विचारलं होतं की बोलून काय होणार, तर माझी थेरपिस्ट म्हणाली, आपण फार बोलणारच नाही आहोत. तिसऱ्या सेशनला तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, एक मिनिट भराभर खोल श्वास घ्या, धापा टाकल्यासारखे. त्याआधी वहीत लिहायला लावलं, काय होईल असं वाटतं आणि किती खात्री आहे. मी लिहिलं, बेशुद्ध पडेन, ९० टक्के. तिने मोबाइलवर एक मिनिट लावलं आणि माझ्यासोबत स्वतः पण सुरू केलं.

चाळिसाव्या सेकंदाला बोटांत मुंग्या. ओठ बधिर. खोली हलायला लागली. अगदी तेच, पुलावरचं सगळं तेच. मी थांबले आणि खुर्चीचे हात घट्ट धरले तर ती म्हणाली, हात सोडा, बघू पडता का. मी सोडले. दीड-दोन मिनिटांत सगळं गेलं. तिच्या पण बोटांना मुंग्या आल्या होत्या, ती हात झटकत होती. समोर ना पूल होता ना गाडी, नुसता एक मिनिट श्वास जोरात घेतला आणि मृत्यूची म्हणून जी सगळी लक्षणं मी दोन वर्षं जपून ठेवली होती ती टेबलावर येऊन पडली. मी खूप रडले त्या दिवशी, पण ते वेगळं रडणं होतं.

पुढच्या वेळी खुर्चीवर गरगर फिरणं, मग स्ट्रॉमधून श्वास, जागच्या जागी पळणं. घरी रोज दोनदा. मग पूल, आधी पायी, मग कुणीतरी गाडी चालवतंय आणि मी शेजारी, मग मी एकटी. एकूण चौदा सेशन्स झाली.

खिडकी | मंगळवार, रात्री १२:३४

मी पेशंट नाही, पेशंटचा नवरा. घरच्यांचीही बाजू कुणीतरी लिहायला हवी.

बायकोला हृदयाची भीती. दिवसातून वीसेक वेळा नाडी बघायची, बीपीचं मशीन उशाशी, आणि दर तासाला मला विचारायची, "मला काही होणार नाही ना?" मी म्हणायचो नाही गं, काही नाही होणार. मनापासून म्हणायचो. त्याचा असर आधी अर्धा दिवस टिकायचा, मग तासभर, शेवटी शेवटी पाच मिनिटं. मी ऑफिसच्या मीटिंगमधून बाहेर येऊन "नाही होणार" म्हणायचो. सुट्टीला कुठे जायचं तर आधी जवळ हॉस्पिटल आहे का बघायचो. मला वाटायचं मी तिला सांभाळतोय.

थेरपिस्टने एका सेशनला मला बोलावलं आणि शांतपणे सांगितलं की तुमचं "नाही होणार" हे तिच्यासाठी गोळीसारखं झालंय आणि डोस वाढत चाललाय. दर वेळी तुम्ही उत्तर दिलंत की तिचा मेंदू शिकतो, यांनी सांगितलं म्हणून वाचलो, पुढच्या वेळी परत विचारायला हवं. मला राग आला खरं तर. पण मग आम्ही तिघांनी मिळून ठरवलं की तिने विचारलं की मी म्हणायचं, "हे तू विचारतेयस की भीती?" आणि हात धरून बसायचं, उत्तर द्यायचं नाही. आणि बीपीचं मशीन मित्राकडे ठेवून आलो.

पहिला आठवडा भयंकर गेला. एका रात्री ती बाथरूममध्ये आतून रडत होती, "एकदा म्हण ना, फक्त एकदा", आणि मी दाराबाहेर जमिनीवर बसून होतो. नाही म्हटलं ते वाक्य. लग्नाला बारा वर्षं झाली, इतकी अवघड गोष्ट मी तिच्यासाठी केली नव्हती. दहाव्या-बाराव्या दिवशी तिने अख्खी संध्याकाळ विचारलं नाही आणि ते आमच्या दोघांच्याही लक्षात झोपताना आलं.

(ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी हे असं मनाने एकदम बंद करू नका. तिला आधी कळलेलं होतं, तिची संमती होती, म्हणून चाललं.)

कंदील | मंगळवार, सकाळी ७:४५

खिडकी, तुमचं हे लिहिणं मी बायकोला वाचून दाखवलं. बाकी काही लिहवत नाही.

गणितवाला | मंगळवार, सकाळी १०:०३

सगळे थेरपी थेरपी करताय, पण गोळ्या? माझ्या भावाला मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या आणि दोन महिन्यांत माणूस बदलला. चौदा आठवडे खुर्चीवर गरगर फिरण्यापेक्षा ते सोपं नाही का? शिवाय आकडा बघा, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये ३० कोटींहून जास्त लोकांना अँग्झायटी डिसऑर्डर होता आणि उपचार मिळतात ते साधारण चारातल्या एकाला. इतके थेरपिस्ट आणायचे कुठून?

स्टेथो | मंगळवार, सकाळी ११:१८

प्रश्न योग्य आहे. गोळ्यांना कमी लेखायचं कारण नाही, एसएसआरआय गटातली, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी, औषधं अनेकांना चांगली लागू पडतात, आणि त्रास इतका असेल की माणूस घराबाहेरच पडू शकत नाही तर थेरपी सुरू करायलाही आधी औषधाचा हात लागतो. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे जातात आणि पहिल्या काही दिवसांत बेचैनी उलट वाढू शकते, तेव्हाच बरेच जण घाबरून सोडतात. आणि बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंद करायची नाहीत, डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू उतरवायची.

झोपेच्या आणि तात्काळ शांत करणाऱ्या ज्या गोळ्या, बेंझोडायझेपिन, त्या वेगळ्या. अर्ध्या तासात आराम पडतो म्हणून आवडतात, पण सवय लागते, डोस वाढतो. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आणून खाऊ नका.

पायवाट | मंगळवार, रात्री ९:२६

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. इथे कुणाला उपचार सांगत नाहीये, पण मूळ प्रश्न मागे पडतोय म्हणून येतेय.

सांजवेळ, मैत्रीण आणि थेरपिस्ट यात फरक काय असं विचारलंत ना. मैत्रिणीला तुम्हाला आत्ता बरं वाटावं असं वाटतं, आणि ते तिचं प्रेम आहे. आम्हाला तुम्हाला पुढच्या वर्षी बरं असायला हवं असतं, त्यासाठी आत्ता थोडं वाईट वाटलं तरी आम्ही तुमच्या सोबत बसतो. खिडकींनी लिहिलंय ते नेमकं हेच.

भीती जिवंत राहते ती टाळण्यामुळे. तुम्ही लिफ्ट टाळलीत, त्या क्षणी हायसं वाटलं, आणि मेंदूने नोंद केली की जिना घेतला म्हणून वाचलो. लिफ्टमध्ये काही होत नाही हे शिकायची संधी त्याला दीड वर्षात एकदाही मिळालेली नाही. म्हणून भीती एका लिफ्टवर थांबली नाही, बस, मीटिंग, खोलीचं दार असं करत गेली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा पाठ धरतो, कारण आपण पळतो तसा तो मोठा होतो.

यातलं काही नवीन नाही. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या तीनेक वर्षांच्या मुलाची सशाची भीती अशीच घालवली. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मग थोडा जवळ, मग अजून जवळ, मग पिंजऱ्याबाहेर, आणि शेवटी तो सशाला बोटं हलकेच कुरतडू देत होता. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये त्याला पायऱ्यापायऱ्यांची शिस्त दिली. दुसरीकडे १९५५ पासून अल्बर्ट एलिस आणि १९६० च्या दशकात एरन बेक यांनी विचारांची बाजू जोडली, त्यातून आज ज्याला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी) म्हणतात ते उभं राहिलं. साधारण बारा ते वीस सेशन्स, दर आठवड्याला ४५ मिनिटं ते तासभर, आणि मधल्या दिवसांत घरचा अभ्यास. खरं काम त्या अभ्यासात होतं.

आणि एक, श्वासाच्या व्यायामाबद्दल माझं मत काही जणांना आवडणार नाही. एरवी रोज करा, उत्तमच आहे. पण लिफ्टमध्ये शिरल्यावर "मी श्वास मोजला म्हणून वाचले" असं झालं तर श्वास हीच नवी कुबडी होते. पाण्याची बाटली, खिशातली गोळी, फोनवर सतत कुणीतरी, हे सगळं त्याच जातीचं.

झुळूक | मंगळवार, रात्री १०:५०

पायवाट, श्वासाचं नाही पटलं. मला मध्यरात्री उठून बसायला लावणारी भीती होती, तेव्हा सावकाश उच्छ्वास हा एकच दोर हाताशी होता. कुबडी तर कुबडी, पाय मोडलेल्याला लागतेच की ती. आधी उभं राहू दे, मग काढून घ्या.

आणि थेरपीचं इतकं गोड चित्र पण नको. माझी पहिली थेरपिस्ट मला चालली नाही. सात सेशन्स माझ्या लहानपणाबद्दल बोललो, अभ्यास काही नाही, ध्येय काही नाही, आणि एकदा तर ती मधेच घड्याळ बघून "तुम्ही फार संवेदनशील आहात" म्हणाली. मला वाटलं माझ्यातच खोट आहे, वर्षभर परत गेले नाही. दुसऱ्या वेळी पहिल्याच दिवशी विचारलं, तुमचं शिक्षण काय, अँग्झायटीसाठी कुठली पद्धत वापरता, दोन महिन्यांनी फरक पडतोय की नाही हे आपण कसं बघणार. ज्याने नीट उत्तर दिलं त्याच्याकडे राहिले.

पायवाट | मंगळवार, रात्री ११:३७

कुबडीचं मान्य. आधी उभं राहणं आलंच, मी घाईने लिहिलं.

आणि हे प्रश्न विचारल्यावर जर कुणी रागावलं तर तुम्हाला उत्तर मिळालंच. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर, औषध देऊ शकतात. सायकॉलॉजिस्ट सहसा देत नाहीत, थेरपी देतात. समुपदेशकांचं प्रशिक्षण वेगवेगळं असतं, म्हणून विचारायचंच. तुम्ही बोललेलं गुप्त राहतं, फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल तर नाही, आणि हेही पहिल्याच दिवशी सांगितलं जायला हवं.

शेवटचा_बाक | बुधवार, दुपारी ४:०२

मी १७ वर्षांचा आहे. वर्गात उभं राहून वाचायचं असलं की आवाज थरथरतो आणि सगळे बघतायत असं वाटतं. माझा नंबर कधी येईल ते मी आकडे मोजत बसतो आणि पुढे काय चाललंय ते कळतच नाही. दोनदा पोटात दुखतंय सांगून घरी आलो. घरी कसं सांगू? बाबा म्हणतील लाजाळू आहेस, जाईल.

रातराणी | बुधवार, दुपारी ४:४०

बाळा, तू इथे सांगितलंस तसंच्या तसं सांग. "मला भीती वाटते" एवढंच म्हटलं तर मोठी माणसं समजूत घालतात. "मी दोनदा खोटं सांगून घरी आलो" म्हटलं तर ऐकतात. तोंडाने जमत नसेल तर हे चार ओळींचं लिहून आईच्या हातात दे. आणि मला इथे कळव काय झालं ते, मी वाट बघतेय.

कंदील | बुधवार, संध्याकाळी ६:१५

बाकावरच्या मित्रा, पायवाट यांनी अल्बर्ट एलिसचं नाव घेतलं ना, तो स्वतः भयंकर लाजाळू होता. एकोणीस वर्षांचा असताना त्याने ठरवलं की महिनाभर न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी मुलगी दिसेल तिच्याशी बोलायचं. तिसेक जणी लगेच उठून गेल्या, शंभरेक जणींशी तो बोलला. एक जण भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. पण तो सांगायचा की शंभर नकार मिळूनही जगबुडी झाली नाही, हे त्याला तिथे कळलं आणि त्याची ती भीती गेली.

भिरभिरं | बुधवार, संध्याकाळी ६:२८

त्या उठून गेलेल्या तीस जणींचा पण कुणीतरी धागा काढा :)

ओलीमाती | बुधवार, रात्री ११:०९

एक वेगळा सूर. पायऱ्या चढा, सामोरे जा हे सगळ्यांना सरसकट सांगू नका. मला मोठ्या अपघातानंतर सुरू झालं, आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून मी एकटीच त्या रस्त्यावर जाऊन उभी राहिले, तर पुढचे तीन आठवडे झोपले नाही. आघातातून आलेल्या भीतीचं काम वेगळ्या पद्धतीने आणि जाणकाराच्या हाताखालीच व्हायला हवं.

आणि मला शेवटी ज्याचा फायदा झाला त्यात भीती घालवणं हे ध्येयच नव्हतं. भीती असू दे, ती बसेल मागच्या सीटवर, बडबडेल, गाडी कुठे न्यायची ते मी ठरवणार. याला अ‍ॅक्ट (अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) म्हणतात, स्टीव्हन हेज यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेली पद्धत. भीती जायलाच हवी हा हट्ट मी सोडला त्या दिवशी मला पहिल्यांदा मोकळं वाटलं.

पायवाट | गुरुवार, सकाळी ८:०५

ओलीमाती यांना पूर्ण अनुमोदन, एकटीने तसं करायला नको होतं. खरं तर सामोरं जाण्यातही भीती पुसली जात नाही, जुनी शिकवण तशीच राहते, तिच्या शेजारी नवी शिकवण उभी राहते. म्हणून मोठी सुट्टी पडली, आजारपण आलं, की जुनी भीती परत डोकं काढू शकते. तेव्हा उपचार फुकट गेले असं समजायचं नाही, थोडा सराव परत करायचा.

निवांत_काका | शुक्रवार, पहाटे ३:५१

झोप येत नव्हती म्हणून धागा पहिल्यापासून वाचला.

मी वर लिहिलं होतं की आमच्या वेळी हे नव्हतं आणि माणसं जगलीच. पिंपळपान यांचं पुलाचं वाचल्यापासून ते वाक्य मला टोचतंय. मी गेली अकरा वर्षं नदीवरच्या पुलावरून गाडी नेलेली नाही. लांबच्या रस्त्याने जातो, पाऊण तास जास्त लागतो, घरच्यांना सांगतो की तिकडे ट्रॅफिक कमी असतं. मुलगी पलीकडे राहते. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

रोज पहाटे प्राणायाम करतो, तासभर चालतो. ते चांगलंच आहे. पण पूल आहे तिथेच आहे.

सांजवेळ, पोरी, मी सल्ला द्यायला नको होता.

पिंपळपान | शुक्रवार, सकाळी ६:३०

काका, मुलीला सांगा. ट्रॅफिकचं नाही, हे खरं ते. आजच सांगा.

सांजवेळ | रविवार, रात्री ९:२०

धागा काढून आज नऊ आठवडे झाले. मधे आले नाही कारण मला काहीतरी करून मगच लिहायचं होतं.

झुळूकचे तीन प्रश्न कागदावर लिहून नेले. पहिल्या सेशनला फक्त माहिती आणि तक्ता, दुसऱ्याला आम्ही शिडी तयार केली. सगळ्यात खाली, खोलीचं दार लावून दहा मिनिटं बसणं, भीती शंभरपैकी ३०. सगळ्यात वर, आठव्या मजल्यापर्यंत एकटीने, फोन न काढता, ९५. मधे अकरा पायऱ्या. दार लावून झोपायला मला दोन आठवडे लागले.

पाचव्या सेशनला थेरपिस्ट माझ्यासोबत लिफ्टमध्ये आली. तळमजला ते पहिला मजला. वहीत लिहिलं होतं, अडकेल आणि मी किंचाळेन, ८५ टक्के. दार बंद झालं आणि माझा हात आपोआप बाजूच्या दांडीवर गेला. ती काही बोलली नाही, नुसतं हाताकडे बघितलं. मी सोडला. धडधड होती, मुंग्या होत्या, स्टेथो यांचा कार्बन डायऑक्साइड आठवला आणि हसूच आलं. वर, खाली, वर, खाली. सातव्यांदा मी दाराच्या वर लावलेली सूचना वाचत होते, किती माणसं किती किलो, आणि तिने भीतीचा आकडा विचारला तर पस्तीस म्हणाले आणि मलाच खरं वाटेना.

अजून ऑफिसचा जिना सुटलेला नाही. चौथ्यापर्यंत लिफ्ट, पुढे चालत. गेल्या बुधवारी तेही जमलं नाही, दारापर्यंत जाऊन परत फिरले आणि दिवसभर स्वतःवर चिडले. तिला सांगितलं तर म्हणाली, ठीक आहे, लिहून ठेवा, त्या दिवशी झोप किती झाली होती तेही लिहा.

बहिणीशी आताही बोलते. फक्त "काही होणार नाही ना" असं विचारत नाही, खिडकी यांचं तिला वाचायला दिलं होतं.

शेवटचा_बाक, घरी सांगितलंस का? आणि काका, तुमचा पूल?

शेवटचा_बाक | रविवार, रात्री ९:४४

आईला लिहून दिलं. बाबांनी पण वाचलं. मंगळवारी तिसरं सेशन आहे.

निवांत_काका | सोमवार, सकाळी ६:०५

मुलीला सांगितलं. ती आता दर रविवारी येते आणि शेजारी बसते. काल तिसऱ्या खांबापर्यंत गेलो, पायी. एकूण अकरा खांब आहेत, मोजून आलो.